अ‍ॅनिसोलच्या (म्हणजे मेथॉक्सी गट जोडलेल्या बेंझीनच्या) पॅरा जागी (त्या गटाच्या बरोबर समोर) ब्रोमीन लावायचा आहे, फेरिक ब्रोमाइड घालू का?

नको, गरजच नाही. मेथॉक्सी गटातल्या ऑक्सिजनची इलेक्ट्रॉन-जोडी बेंझीन वलयाला इतकी सक्रिय करते की अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडमध्ये नुसतं ब्रोमीन पुरतं. बारावीच्या एनसीईआरटीतही हेच उदाहरण आहे: पॅरा-ब्रोमोअ‍ॅनिसोल सुमारे 90 टक्के. फेरिक ब्रोमाइडसारखं लुईस आम्ल (इलेक्ट्रॉन-जोडी स्वीकारणारं) उलट ऑक्सिजनलाच चिकटतं. अ‍ॅल्युमिनियम क्लोराइडसारखं जोरकस आम्ल असेल आणि वर तापवलंत, तर मिथाइल गट सुटून फिनॉल हाती येण्याची भीती.

मी स्वतः एनबीएस (एन-ब्रोमोसक्सिनिमाइड, ब्रोमीन पुरवणारं संयुग) आणि अ‍ॅसिटोनायट्राइल घेईन. पांढरी पूड, वजन करून टाकता येते, ब्रोमीनची ती लाल वाफ नाही. एक सममूल्यच (मोलला मोल) घ्या, जास्त घातलंत तर दुसरा ब्रोमीन ऑर्थोला (मेथॉक्सीच्या शेजारी) बसायला लागतो. आणि वलयावर मिथाइल गटही असेल तर द्रावक बदलू नका. तेच एनबीएस कार्बन टेट्राक्लोराइडमध्ये पेरॉक्साइड किंवा उजेडासोबत वापरलं, तर मुक्त मूलकांच्या (एकटा इलेक्ट्रॉन असलेल्या कणांच्या) वाटेने ब्रोमीन त्या मिथाइलवर जातो. परीक्षेत हमखास फसवणारा प्रश्न!

क्लोरीनसाठी सल्फ्युरिल क्लोराइड चालतं. आयोडीन मात्र एकटं आळशी, शिवाय अभिक्रिया उलटही फिरते. म्हणून आयोडिक अ‍ॅसिडसारखं ऑक्सिडीकारक सोबत द्या, किंवा थेट आयोडीन मोनोक्लोराइड घ्या.

ऑर्थोच हवं असेल तर रस्ताच वेगळा: आधी ब्यूटिल लिथियमने ऑर्थोचा हायड्रोजन काढायचा, मग ब्रोमीन द्यायचं.