उजनीच्या पाण्यातलं बेट विकत घ्यावं का?

करमाळ्याच्या बाजूला उजनी धरणाच्या पाण्यात बेट झालेली ४ एकर जमीन स्वस्तात मिळतेय म्हणता, पण ताजा सातबारा बघितल्याशिवाय इसाराचा एक रुपयाही देऊ नका. धरणासाठी संपादित झालेली जमीन सरकारची. पाणी ओसरल्यावर उघडी पडलेली गाळपेर (गाळाची जमीन) लोक कसतात, पण कसणं म्हणजे मालकी नव्हे. त्यामुळे सातबाऱ्यावरच्या भोगवटादाराच्या (जमीन धारण करणाऱ्याच्या) नावावर थांबू नका, 'इतर हक्क'चा रकाना वाचा, जुने फेरफार (हक्क बदलल्याच्या नोंदी) काढा, मोजणी मागा. उजनीची पूर्ण संचय पातळी, म्हणजे धरण पूर्ण भरल्यावरची पाण्याची पातळी, ४९६.८३ मीटर आहे. मे महिन्यात ऐसपैस दिसणारा तुकडा धरण भरल्यावर केवढा उरतो, ते ऑक्टोबरात जाऊन बघा. (दलाल सोलापूरहून गाडी करून नेतो तो नेमका उन्हाळ्यातच!) तुम्ही शेतकरी नसाल तर कुळकायद्याचं कलम ६३ आडवं येतं: बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. आणि जाण्यायेण्याचं काय? मे २०२४ मध्ये उजनीच्याच पाण्यात कुगाव-कळाशी या गावांदरम्यान वादळी वाऱ्यात बोट उलटून ६ जण गेले. जमीन खरंच खासगी, संपादनाबाहेरची आणि पूर्ण संचय पातळीच्या वरची निघाली तर व्यवहार होऊ शकतो. मात्र बोट आणि विजेचा खर्च किमतीतच धरा.