स्केचअप उघडण्याआधी खाणीवर जा

तू पाठवलेलं दापोलीच्या घराचं मॉडेल नीट बघितलं. मेहनत दिसते. पण छप्पर भिंतीलगत कापलेलं आहे आणि पागोळ्या कुठे पडणार याचा पत्ताच नाही. स्केचअपमध्ये, म्हणजे संगणकावर घराचं मॉडेल करायच्या या सॉफ्टवेअरमध्ये, चौकोन काढून वर ओढला की खोका उभा राहतो. जे हाताला सोपं, तेच डोक्यात रुजतं. घरातल्या मिक्सरच्या, चार्जरच्या कडा सारख्याच गोल दिसतात ना? साच्याची गरज असतेच, पण फिलेटची, म्हणजे कडा गोल करायची, आज्ञा एका क्लिकवर मिळते हेही त्यामागे आहे.

मीही पहिल्या घराला अशीच बिनओसरीची भिंत दिली होती. स्क्रीनवर फार देखणी दिसली. पहिल्याच पावसाळ्यात पश्चिमेची बाजू शेवाळानं हिरवी झाली आणि आतला गिलावा फुगला. घरमालकीणबाई काही बोलल्या नाहीत, नुसता हात लावून दाखवला. ते अजून आठवतं.

म्हणून आधी चिऱ्याच्या (जांभा दगडाच्या) खाणीवर जा, चिऱ्याला टेप लाव. भिंतीची जाडी त्या मापावर ठरव, रेव्हिट या इमारतींच्या सॉफ्टवेअरमधल्या तयार २०० मिलिमीटरवर नको. वास्तुविशारद फ्रँक गेरींनी स्पेनमधल्या बिल्बाओच्या गुगेनहाइम संग्रहालयासाठी (१९९७) विमानांसाठी बनलेलं कॅटिया हे सॉफ्टवेअर वापरलं, पण आकार आधी हातानं केलेल्या मॉडेलमध्ये सापडले होते.

पुढच्या वेळी फक्त पडवीचा छेद (उभी कापल्यावर दिसेल तसं चित्र) पाठव, १:२० मापात, पेन्सिलनं. कौल, वासा, पागोळी, जोतं, सगळं दिसू दे.