केरो, धोंडो आणि नकुसा: वंशावळीतली ‘टाकाऊ’ नावे

प्रश्न असा आहे: कुलवृत्तान्तात खापरपणजोबांचे नाव ‘केरो’ असे छापले आहे. त्यांच्या चुलत शाखेत एक धोंडो आणि दोन भिकाजी आहेत, आणि आजीच्या माहेरच्या वंशावळीत एक ‘नकुसा’. चार बुके शिकलेल्या घरांत अशी नावे कशी आली? काकांच्या मते केरो हा ‘केदार’चा अपभ्रंश आहे, तो खरा का?

काकांचा हेतू चांगला आहे, व्युत्पत्ती मात्र पटण्यासारखी नाही. केदारपासून मराठीत केदारजी, केदारी अशी रूपे झाली, आणि त्यांत ‘द’ जागच्या जागी आहे. केरो म्हणजे सरळ केर. झाडून सुपलीत भरतो आणि उकिरड्यावर टाकतो, तोच. केरू, केरबा, केराजी ही त्याचीच भावंडे. त्यात लाजण्यासारखे काही नाही. टिळकांना डेक्कन कॉलेजात गणित शिकवणारे, ज्योतिषशास्त्रातले एकोणिसाव्या शतकातले मोठे नाव म्हणजे केरो लक्ष्मण छत्रे, आपले केरूनाना. केराला ‘पंत’ किंवा ‘नाना’ जोडून आदराने हाक मारताना कुणाला हसू आल्याचे दिसत नाही. नाव रुळले की अर्थ झिजतो, हे इथे फार छान दिसते.

मूळ कल्पना अशी: लागोपाठ मुले दगावली की पुढच्या मुलावर कुणाची नजर जाऊ नये, दृष्ट लागू नये, सटवीने किंवा मृत्यूने त्याची हाव धरू नये, म्हणून त्याला मुद्दाम कवडीमोलाचे करायचे. जन्मल्यावर केरात लोळवायचे, सुपात घालून उकिरड्यापर्यंत नेऊन आणायचे, शेजारणीला नावापुरते विकून परत विकत घ्यायचे, चार घरी मागून आणलेल्या कापडाचे अंगडे घालायचे. नाव त्या कृतीवरूनच पडे. केरात लोळवला तो केरू, भीक मागून मिळवला असे दाखवायचे तो भिकू किंवा भिकाजी, निर्जीव दगड म्हणून काळाने ओलांडून जावे असा दगडू आणि धोंडू. खानदेश-वऱ्हाडाकडे उकिरड्यावरून उखर्डू, उकर्डा आणि शेणावरून शेणफडू ही नावे जुन्या पिढीत सर्रास भेटतात. मुलगा असून नाक टोचून नथ घातली की तो नथू. नथुराम गोडसेचे जन्मनाव रामचंद्र होते. त्याच्या आधीचे मुलगे वाचले नव्हते, म्हणून त्याला नथ घालून मुलीसारखे वाढवले आणि ‘नथुराम’ चिकटले.

धोंडो केशव कर्वे 1858 मध्ये जन्मले आणि 1962 मध्ये, 104 वर्षांचे होऊन गेले. दगडाचे नाव इतके लागू पडलेला दुसरा माणूस शोधून सापडायचा नाही.

‘शिकलेल्या घरात कशी’ या शंकेचे उत्तरही यातच आहे. बाळ जगेल की नाही ही धास्ती शिकलेल्या घरातही तेवढीच होती. देवी, पटकी, धनुर्वात पोथ्या वाचणाऱ्यांची घरे वगळून जात नसत. 1857 च्या उठावातले नानासाहेब पेशवे कागदोपत्री धोंडोपंत आहेत, पुण्यातले प्रसिद्ध हलवाई दगडूशेठ आहेत. जात, पैसा, विद्या काहीही असो, या नावांना कुणी अपवाद नाही. आणि ही तऱ्हा आपलीच असेही नाही. तमिळमध्ये ‘कुप्पै’ म्हणजे केर, त्यावरून कुप्पुस्वामी आणि कुप्पम्माळ. ‘पिच्चै’ म्हणजे भीक, म्हणजे आपला भिकाजी (गूगलच्या प्रमुखांच्या नावातला पिचाई तो हाच). तेलुगूत उकिरड्याला ‘पेंट’ म्हणतात, त्यावरून पेंटय्या. कन्नडमध्ये ‘कल्लु’ म्हणजे दगड, आणि कल्लाप्पा हे नाव तर कोल्हापूर-इचलकरंजीकडे मराठी बोलणाऱ्या घरांतही आहे. बंगालीत तीन कवड्यांना विकत घेतलेला तो तिनकडी. जुनेपणाचे म्हणाल, तर ऐतरेय ब्राह्मणातल्या अजीगर्ताने आपल्या तीन मुलांची नावे शुनःपुच्छ, शुनःशेप आणि शुनोलांगूल ठेवली होती. तिन्ही कुत्र्याच्या शेपटाची! त्यांतल्या मधल्याला त्याने पुढे शंभर गाईंना विकलेही, पण ती कथा वेगळी.

वंशावळ वाचताना एक सावधगिरी मात्र बाळगावी. ऐकायला तशी वाटणारी सगळीच नावे या माळेतली नसतात. चित्रपटवाल्या फाळक्यांचे धुंडिराज हे नाव धोंड्यावरून नाही, ते काशीतल्या ढुंढिराज गणपतीचे. धनगर घरांतला धुळा किंवा धुळाजी धुळीवरचा नाही, धुळोबा देवावरचा आहे. झिपरू म्हणजे गबाळा असेही समजू नये, तिथे बहुधा नवसाने न कापलेल्या केसांचा संबंध असतो. जळगावजवळच्या नशिराबादचे संत झिपरू अण्णा ठाऊक असतीलच. फकीरा, पिराजी ही नावे पिराच्या नवसाची. मालोजीराजे भोसल्यांनी अहमदनगरच्या शाह शरीफ पिराला नवस केला आणि मुलांची नावे शहाजी व शरीफजी ठेवली, असे परंपरा सांगते. पालघर-ठाण्याच्या वारली पाड्यांवरचे बुध्या, मंगळ्या, शनवाऱ्या हे तर निव्वळ जन्मवाराचे हिशेब आहेत, त्यांत भीती नाही की तिरस्कार नाही.

आता नकुसा. प्रश्नात ती केरो-धोंडोच्या ओळीत बसवली आहे, आणि मला सर्वांत जास्त हरकत तिथेच आहे. केरो हे नाव खोटे आहे, आणि ते खोटे आहे हे ठेवणाऱ्याला पक्के ठाऊक आहे. मूल जिवापाड हवे आहे, म्हणून ‘नको’चा देखावा. नकुसा हे नाव खरे आहे. नको अशी ती नकोशी, तिची बोलीतली रूपे नकुशी, नकुशा, नकुसा. दोन-तीन मुलींच्या पाठीवर आणखी एक झाली, आता पुरे, पुढचा मुलगा व्हावा, एवढा निरोप त्या नावात देवाला दिलेला असतो. तिने जगावे असा त्यात कुठलाही तोडगा नाही. बंगालीतले आन्नाकाली (‘आर ना, काली’, म्हणजे आता आणखी नको, कालीमाते) आणि तमिळमधले ‘वेण्डाम’, म्हणजे नको, ही तिची सख्खी नावे. ही गोष्ट खापरपणजीच्या काळातली म्हणून सोडून देता येत नाही. 2011 च्या ऑक्टोबरात सातारा जिल्ह्यात अशा 285 मुलींचे एका समारंभात पुन्हा बारसे झाले. अनेकींनी नवे नाव स्वतः निवडले.

म्हणजे मुलग्यांची ती सगळी प्रेमाची आणि मुलींची सगळी तिरस्काराची, असा सरसकट हिशेबही करू नका. धोंडूबाई, दगडाबाई ही नावे केरोच्याच जातकुळीची आहेत, मुलगी जगावी म्हणून ठेवलेली. हैदराबाद मुक्तिसंग्रामात निजामाशी लढलेल्या जालन्याकडच्या दगडाबाई शेळके यांचे नाव त्यांतलेच. वंशावळीत दगडाबाई दिसली तर ती हवी होती असे खुशाल धरा. नकुसा दिसली तर मात्र तसे धरता येत नाही.

कुलवृत्तान्तासाठी याचा एक उपयोग आहे. अशा ग्रंथांत तान्हेपणी गेलेली मुले सहसा नोंदवलेली नसतात, आणि मुलींच्या नोंदी तर त्याहून तुटपुंज्या. मग ‘विष्णू, नंतर एकदम केरो’ असे दोनच मुलगे दिसतात आणि मध्ये आठ-दहा वर्षांचे अंतर असते. ते अंतर रिकामे नव्हते, हे केरो या नावावरूनच कळते. तिथे ‘मधली अपत्ये अल्पायुषी असावीत’ अशी तळटीप द्यायला हरकत नाही, ‘असावीत’ हा शब्द न वगळता. केरो बहुधा व्यवहारातले नाव असणार, पत्रिकेत दुसरे असू शकते. टिळकांचेही नाव केशव होते आणि जगाने बाळ धरले. घरात जुनी पत्रिका असेल, किंवा त्र्यंबकेश्वर-नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत घराण्याची नोंद सापडली, तर तेही नाव टिपून ठेवावे. ‘केदार’ करून नोंद सुधारू मात्र नका. पुढच्या पिढीला केदार वाचून काहीच कळणार नाही.

आणि नकुसाबाईंच्या पाठचे भावंड कोण, मुलगा की मुलगी, हे वंशावळीत आहे का? असेल तर कळवा. लग्नानंतर सासरी त्यांचे नाव बदलले असेल, तर ते नवे नावही कंसात लिहा, पण आधीचे खोडून नको.