अमेरिकेत डिझेल कार लोकांना आवडू शकतील का?

प्रश्न असा आहे: "युरोपात आणि भारतात डिझेल कार एवढ्या चालल्या, मग अमेरिकेत का नाही? तिथल्या माणसाला डिझेल आवडतच नाही का? पुढे कधी आवडेल?"

मी मूळचा पुण्याचा. आयुष्य इंजिनांच्याच कामात गेलं आणि गेली पंचवीस वर्षं इंडियाना राज्यात राहतोय. माझ्या मते अमेरिकन लोकांना डिझेल दोनदा मनापासून आवडलं होतं, आणि दोन्ही वेळा गाड्या बनवणाऱ्यांनीच त्यांचा विश्वास मोडला. आता कारपुरता तरी तो काळ गेला.

आधी आवडीचं बघू. माझ्या शेजाऱ्याकडे डिझेल पिकअप आहे. मागे घोड्यांचा ट्रेलर जोडून तो डोंगराळ केंटकीत जातो आणि चढावर गाडी हूं की चूं करत नाही. खंबाटकीच्या घाटात भरलेला टेम्पो ज्या ओढीवर चढतो, तीच ही ओढ. फोर्ड, शेवरले आणि रॅम या तिघांच्या मोठ्या पिकअपमध्ये डिझेल इंजिन मिळतं. त्यासाठी हजारो डॉलर जास्त मोजावे लागतात आणि लोक ते आनंदाने मोजतात. रॅममधलं सहा सिलिंडरचं इंजिन कमिन्सचं. कंपनीचं मुख्यालय इथे इंडियानातच, कोलंबस गावात आहे. आपल्या कोथरूडचा कारखाना किर्लोस्करांबरोबर 1962 साली सुरू झाला, तो याच कंपनीचा. त्यामुळे कोलंबसच्या वाणसामानाच्या दुकानात मराठी कानावर पडली तर कुणी चमकत नाही. मी तिथे कधी नोकरी केलेली नाही, हेही सांगून ठेवतो, कारण पुढे याच कंपनीबद्दल एक कडू गोष्ट लिहायची आहे.

तर माणसं तीच, रस्ते तेच, आणि पिकअपमध्ये डिझेल लाडकं. मग कारमध्येच काय बिघडलं?

1979 साली इराणमध्ये क्रांती झाली, तेल महागलं, अमेरिकेत पंपांवर रांगा लागल्या. लोक डिझेलकडे वळले. फोक्सवॅगनची छोटी रॅबिट आणि मर्सिडीजची 300डी तर होत्याच, पण सर्वसामान्य कुटुंबाने जिच्यावर भरवसा ठेवला ती जनरल मोटर्सची ओल्ड्समोबाइल होती, 1978 पासून मिळणारं 5.7 लिटरचं व्ही-8 डिझेल असलेली. 1981 साली नव्या कारपैकी सुमारे सहा टक्के डिझेल होत्या. अमेरिकेत डिझेल कारने गाठलेला तो सर्वांत वरचा टप्पा.

त्या इंजिनाचा घोटाळा कुठे झाला ते सांगतो, कारण इंजिनवाल्या माणसाला तो वाचून अजून वाईट वाटतं. पेट्रोल इंजिनाचा आराखडा घेऊन हे डिझेल बनवलं होतं. ब्लॉक जाडजूड केला, हे बरोबर केलं. पण हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, आवळणाऱ्या बोल्टांची संख्या आणि मांडणी पेट्रोल इंजिनाचीच ठेवली, म्हणजे कारखान्यातली तीच यंत्रं वापरता येतील. डिझेल स्पार्कने पेटत नाही, दाबलेल्या हवेच्या उष्णतेने पेटतं. या इंजिनात हवा बावीस पटींहून जास्त दाबली जायची, तेव्हाच्या पेट्रोल इंजिनात जेमतेम आठ पट. एवढा दाब त्या बोल्टांना पेलेना. ते ताणायचे, हेडखालचं सील (हेड गॅस्केट) जायचं, पाणी सिलिंडरमध्ये उतरायचं आणि इंजिन कायमचं बसायचं. भरीला, डिझेलमधलं पाणी वेगळं करणारा सेपरेटर खर्च वाचवायला लावलाच नव्हता, त्यामुळे सिलिंडरमध्ये डिझेल सोडणारे इंजेक्शन पंप गंजायचे. लोक कोर्टात गेले. 1985 नंतर ते इंजिन बंद झालं, पण "डिझेल कार म्हणजे डोकेदुखी" हे वाक्य त्या घरांमध्ये पुढच्या पिढीपर्यंत राहिलं. बोल्ट आणि सेपरेटर यांवर वाचवलेले थोडे पैसे सगळ्या अमेरिकेच्या डिझेल बाजाराला भोवले.

डिझेल मुळात वाईट नव्हतं, हे मी स्वतःच्या अनुभवावरून म्हणतो. इथे आल्यावर पहिली काही वर्षं मी जुनी 1984 ची डिझेल मर्सिडीज चालवली. थंडीत सिलिंडर आधी तापवणाऱ्या ग्लो प्लगचा दिवा विझेपर्यंत थांबायचं, मग चावी फिरवायची, की निघाली. अडचण पंपाची होती. गावातल्या निम्म्या पंपांवर डिझेल नसायचं. हायवेवरच्या ट्रक स्टॉपला जावं, तर ट्रकसाठीचं रुंद नोझल कारच्या टाकीच्या तोंडात जायचं नाही.

दुसरा डाव जास्त वेदनादायक आहे. 2006 मध्ये अमेरिकेत रस्त्यावरच्या डिझेलमधलं गंधक दहा लाखांत पंधरा भागांवर आणलं गेलं. त्यामुळे काजळीचा फिल्टर आणि इतर शुद्धीकरण शक्य झालं. फोक्सवॅगनने 2009 च्या जेट्टापासून "क्लीन डिझेल" म्हणून जाहिराती केल्या. घेणारे लोक कोण होते? शिक्षक, नर्स, रोज शंभर मैल जाणारे नोकरदार, आणि ज्यांना हवेची खरोखर काळजी होती असे. गाडी चालवायला मजा आणि हायवेवर ॲव्हरेज भरपूर.

मग वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातल्या एका छोट्या चमूने, ज्यात अरविंद तिरुवेंगडम हे भारतीय संशोधकही होते, फोक्सवॅगनच्या अशा गाडीच्या डिकीत धूर मोजायची यंत्रं ठेवून ती खऱ्या रस्त्यावर चालवली, लॉस एंजेलिसहून सिॲटलपर्यंत. काम देणाऱ्या संस्थेची अपेक्षा होती की अमेरिकेतल्या डिझेल स्वच्छ निघतील आणि तो दाखला युरोपला देता येईल. निघालं उलटं. सप्टेंबर 2015 मध्ये अमेरिकी सरकारच्या पर्यावरण संस्थेने (ईपीए) जाहीर केलं की चाचणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरता धूर स्वच्छ ठेवणारं सॉफ्टवेअर गाडीत आहे, आणि रस्त्यावर नायट्रोजन ऑक्साइड हे धुरातले घातक वायू मर्यादेच्या चाळीस पटींपर्यंत जातात. दोन लिटरच्या इंजिनाच्याच अशा पावणेपाच लाखांच्या आसपास गाड्या होत्या. 2016 मध्ये 14.7 अब्ज डॉलरची तडजोड झाली आणि कंपनीला गाड्या परत विकत घ्याव्या लागल्या. मिशिगनमधल्या पाँटियाकच्या बंद पडलेल्या स्टेडियमभोवती त्या परत आलेल्या गाड्यांच्या रांगा उभ्या होत्या. बहुतेक चालू स्थितीतल्या, कुणीतरी जपून वापरलेल्या. हवा स्वच्छ राहावी म्हणून ज्यांनी पदरचे पैसे घातले, त्यांच्याच हातून हवा घाण करवून घेतली. याचा राग मला आजही येतो.

आणि कमिन्स. जानेवारी 2024 मध्ये याच प्रकारच्या आरोपावरून, रॅम पिकअपच्या इंजिनांसाठी, त्यांनी 1.675 अब्ज डॉलर दंड भरायचं मान्य केलं. ज्या इंजिनाचा मी वर अभिमानाने उल्लेख केला तेच. तो अभिमान पूर्ण गेला नाही, पण पूर्वीसारखाही राहिला नाही.

विश्वास परत मिळवता येतो असं धरलं तरी हिशोब आडवा येतो. 2012 मध्ये भारतात पेट्रोल आणि डिझेलच्या दरात लिटरमागे पंचवीस रुपयांहून जास्त फरक होता, म्हणून इंडिका आणि स्विफ्ट डिझेल घरोघरी गेल्या. ऑक्टोबर 2014 मध्ये डिझेलचा दर मोकळा झाला आणि ती ओढ आटू लागली. मारुतीने 2020 मध्ये डिझेल सोडूनच दिलं. अमेरिकेत तर कर उलटाच आहे: केंद्राचा कर पेट्रोलवर गॅलनला 18.4 सेंट, डिझेलवर 24.4, कारण रस्ते झिजवणाऱ्या ट्रककडून वसुली व्हावी. वर्षाला 12,000 मैल धरा. पेट्रोल कार गॅलनला 32 मैल देते, डिझेल 40. म्हणजे 375 गॅलनऐवजी 300. पेट्रोल 3.20 डॉलर आणि डिझेल 3.80 धरलं, तर खर्च 1200 आणि 1140. वर्षाला साठ डॉलर वाचले! डिझेल गाडीसाठी जास्त मोजलेले दोन-तीन हजार कधी वसूल व्हायचे?

शिवाय नियम. युरोपने डिझेलला नायट्रोजन ऑक्साइडची सवलत दिली. अमेरिकेत इंधन कुठलंही असो, मर्यादा एकच, आणि ती फार कडक. लॉस एंजेलिसच्या दरीत धुरक्याने डोळे चुरचुरत होते त्या काळापासून कॅलिफोर्निया याबाबत ऐकत नाही, आणि मला ते योग्य वाटतं. दम्याच्या मुलाला ॲव्हरेजशी काय घेणं? मर्यादा पाळायची तर हे वायू कमी करणाऱ्या युरियाची टाकी, फिल्टर, सेन्सर आले. छोट्या छोट्या फेऱ्यांमध्ये फिल्टर पुरेसा तापत नाही आणि चोंदतो. त्याच पैशात हायब्रिड येते, जी शहरात डिझेलहून कमी पिते.

म्हणून तुम्ही अमेरिकेत येत असाल आणि जुन्या सवयीने डिझेल कार शोधत असाल, तर नवी जवळजवळ मिळणारच नाही, आणि जुनीच्या मागे लागू नका, हायब्रिड घ्या. जड ट्रेलर ओढायचा असेल तर मात्र डिझेल पिकअप बघा. घेण्याआधी एकदा ट्रेलर जोडून चढावर चालवून पाहा आणि धुराच्या दोषासाठी कंपनीने गाडी परत बोलावली असेल (रिकॉल), तर ती दुरुस्ती झाल्याचे कागद विक्रेत्याकडे मागा.