सरावाला जाणं सोडू नकोस

प्रिय पोरी,

नवऱ्याला जाऊन अजून वर्षही झालं नाही आणि बोन ओदोरीच्या, म्हणजे बोन सणातल्या नाचाच्या सरावात तू खळखळून हसलीस, याचाच तुला धक्का बसलाय. त्यात तो ताइको (तिथला ढोल) वाजवणारा कॉफीला चल म्हणाला, तू गेलीस आणि तुला बरं वाटलं. म्हणून आता सरावच बंद करते म्हणतेस. करू नकोस.

तू तोक्योत नाचतेस खरी, पण डोक्यात आपल्याकडचंच चालू आहे. मंगळागौर जागवायची ती सवाष्णींनी. झिम्मा-फुगडी रंगात आली की नवरा गेलेली बाई आत स्वयंपाकघरात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला तो २०२२ साली, म्हणजे अगदी परवा. तिथला हा नाच तर गेलेल्यांसाठीच आहे. बोनच्या दिवसांत (तोक्योत बरेच जण जुलैत पाळतात, इतरत्र बहुतेक ठिकाणी ऑगस्टच्या मध्यात) घरची गेलेली माणसं परत येतात असं मानतात. १३ तारखेला आग पेटवून त्यांना घरी आणायचं, १६ तारखेला पोचवायचं. काकडीला आणि वांग्याला काड्यांचे पाय लावून घोडा नि गाय करतात. येताना घोड्यावरून लवकर या, जाताना गाईवरून सावकाश जा. हामामात्सुच्या बाजूला तर ज्या घरी वर्षभरात कुणी गेलंय, त्या घरी मंडळी ढोल घेऊन नाचायला जातात. मूळ गोष्ट म्हणशील तर आपल्याच मौद्गल्यायनाची. भुकेल्या प्रेतांमध्ये अडकलेली आई सुटली, तेव्हा हा बुद्धाचा शिष्य आनंदाने नाचला, असं सांगतात.

आणि येणंबिणं पटत नसेल, तर त्सुकिजी होंगांजी या बौद्ध देवळाच्या नाचाला जा. १९३४ सालची इमारत, इतो चुता नावाच्या वास्तुकाराची. दर्शनी कमान बघून तुला अजिंठा आठवेल. त्या देवळाच्या पंथाचं म्हणणं असं की गेलेला माणूस कधीच शुद्धभूमीत, म्हणजे बुद्धाच्या लोकात पोचलाय, चार दिवसांसाठी परत यायचा प्रश्नच नाही. तरी दर उन्हाळ्यात तिथे अंगण भरून नाचतात. तेव्हा ‘तो बघत असेल का’ हे कोडं सुटेपर्यंत तू थांबायची गरज नाही.

सरावातल्या त्या आजींनी न बोलता तुला कोपऱ्यात नेऊन युकाता (उन्हाळी किमोनो) परत नेसवला, असं लिहिलंस. उजवी बाजू वर आली असणार. तसं मेलेल्याला नेसवतात. जिवंत माणसाने डावी बाजू वर घ्यायची.

तान्को बुशी जमत नाही, ही तक्रार मात्र मी ऐकणार नाही. कोळशाच्या खाणीचं गाणं आहे ते, फुकुओकाकडचं. नाचातही तेच: खणायचं, कोळसा खांद्यावरून टाकायचा, मागे सरत चंद्र बघायचा, गाडी ढकलायची. ‘हसले म्हणजे विसरले का’ असा हिशेब मनात चालू असेल, तर सगळे गाडी ढकलतील आणि तू चंद्र बघत बसशील. बाहेरच्या रिंगणात, जिला येतं तिच्या मागे उभी राहा आणि तिचे हातपाय बघ.

काळ हेच औषध, असं तुला सगळे सांगत असतील. माझा माणूस गेला तेव्हा मलाही सांगायचे. मला ते कधी पटलं नाही. नुसत्या काळाने काही झालं नाही. ठरल्या दिवशी घराबाहेर पडावं लागायचं, घाम यायचा, मग रात्री झोप लागायला लागली. पुढे भूकही लागली. माणसं आवडायला लागली ती त्याच्याही नंतर, आणि त्याने नवऱ्याची आठवण कमी झाली नाही.

त्या मुलाचं म्हणशील, तर लग्न, घर कुठे, आई-बाबा काय म्हणतील, हे आत्ता काढूच नकोस. एकच बघ. नवऱ्याचा विषय निघाला की तो गप्प बसून ऐकतो, की घाईघाईने दुसरं काही काढतो? दुसरं काढत असेल, तर ताइको कितीही छान वाजवो, जरा जपून. तुझ्या मनात तुलना येणारच. ती त्याला बोलून दाखवू नकोस.

सासूबाईंना मात्र तूच सांग. वर्षश्राद्धाला पुण्याला जाशील तेव्हा, सगळं आटोपल्यावर, समोर बसून. तोक्योतल्या निशिकासाईत आपली इतकी माणसं आहेत की उशीर केलास तर बातमी तुझ्याआधी पोचेल. त्या रडतील, कदाचित दोन दिवस बोलणारही नाहीत. उलटून बोलू नकोस. तुला पुन्हा जोडीदार मिळू शकतो, त्यांना मुलगा मिळणार नाही. तिकिटं काढलीस की कळव. मी तेव्हा पुण्यातच असेन, हवं तर बरोबर येईन.

तुझी,
मावशी