पोफळीची वीज आणि खारं वारं

बाबू, पक्कड हातात घेण्याआधी एकदा पोफळी गावच्या वीजघराकडे बघ. कोयनेचं पाणी सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यातून इकडे कोकणात उतरतं, टर्बाइन फिरवतं. तारेच्या वेटोळ्यांत चुंबक फिरला की वीज. कोयनेची सगळी वीजघरं मिळून 1960 मेगावॅट. पुढे विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज, वाढवून धाडतात, कारण दाब जास्त तर करंट कमी, आणि करंट निम्मा झाला की तारेत वाया जाणारी उष्णता पाव होते. आपल्या वाडीच्या ट्रान्सफॉर्मरला 11,000 व्होल्ट येतात, घरात 230.

हे झालं पुस्तकातलं. आपला खरा वैरी खारं वारं. इन्सुलेटरवर, म्हणजे तार खांबापासून वेगळी ठेवणाऱ्या चिनी मातीच्या वाटीवर, मिठाचा थर बसतो; कोरडा असेतो गप्प, पहिली भुरभुर आली की त्यावरूनच ठिणग्या. मुसळधार पाऊस बरा, धुऊन तरी नेतो. तांबं आणि ॲल्युमिनियम थेट पिळू नकोस, दमटपणात जोड सडतो. बायमेटल लग घाल, म्हणजे एका बाजूला तांबं आणि दुसऱ्या बाजूला ॲल्युमिनियम असलेला जोडतुकडा. मी एकदा आळस केला, तर गणपतीत अख्खी वाडी काळोखात आरती म्हणत होती.

आणि जांभ्यात अर्थिंग, म्हणजे गळकी वीज जमिनीत उतरवणारी जोडणी, सहज मिळत नाही. खड्डा खोल घे, मीठ-कोळसा भर, वैशाखात पाणी ओतत राहा.