वाचक विचारतात : चर्चगेटचे गेट आणि मस्जिद बंदरची मशीद

प्रश्न : मी वसईहून रोज चर्चगेटला नोकरीसाठी येतो. स्थानकाबाहेर ना चर्च दिसते, ना दरवाजा. मग हे नाव आले कोठून? (एक वाचक, वसई)

उत्तर : दोन्ही गोष्टी होत्या, पण स्थानकाजवळ नव्हत्या. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात, गव्हर्नर चार्ल्स बून याच्या कारकिर्दीत, इंग्रजांच्या वस्तीभोवती तटबंदी उभी राहिली. आज आपण ज्या भागाला फोर्ट म्हणतो आणि जुनी माणसे ज्याला कोट म्हणत, तो याच तटाच्या आतला. जमिनीच्या बाजूने आत येण्यासाठी अपोलो गेट, चर्च गेट आणि बझार गेट असे तीन मुख्य दरवाजे होते. त्यांपैकी मधला, म्हणजे चर्च गेट, आजच्या हुतात्मा चौकातील फ्लोरा फाउंटनच्या जागी होता. त्यातून आत शिरले की रस्ता सरळ सेंट थॉमस चर्चकडे जाई, म्हणून ते नाव पडले. १७१८ साली उपासनेसाठी खुले झालेले हे चर्च हॉर्निमन सर्कलजवळ आजही उभे आहे, आणि स्थानकातून वीर नरिमन मार्गाने सरळ पूर्वेकडे चालत गेल्यास आपण दरवाजाच्या जागेवरून थेट त्याच्यापाशीच पोहोचता.

आपण वसईकर आहात म्हणून एक तपशील मुद्दाम सांगतो. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला पोर्तुगीजांकडून जिंकला, तेव्हा आता मराठे मुंबईवर येतील या धास्तीने कोटाभोवती खंदक खणण्याचे ठरले आणि त्यासाठी येथील देशी व्यापाऱ्यांनी ३०,००० रुपयांची वर्गणी दिली. मराठ्यांचा हल्ला कधी झालाच नाही. पुढे पेशवाई बुडाल्यावर तट निरुपयोगी ठरला, आतली दाटी मात्र वाढत गेली. अखेर गव्हर्नर बार्टल फ्रिअर याने १८६०च्या दशकात तो पाडून टाकला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचे भाव भडकून शहरात पैसा खेळत होता, त्यामुळे मोकळ्या झालेल्या जागेवर मोठमोठ्या इमारती उभ्या राहण्यास वेळ लागला नाही. गंमत अशी की चर्चगेट स्थानक १८७० सालचे, म्हणजे ज्या दरवाजाचे नाव त्याला मिळाले तो तेव्हा आधीच जमीनदोस्त झालेला होता. तटाचा एक लहानसा अवशेष सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात मात्र टिकून आहे.

प्रश्न : मस्जिद बंदर या नावातील मशीद कोणती? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : बहुतेकांना ही मुसलमानांची मशीद वाटते आणि परिसरातील मशिदी पाहता तसे वाटणे साहजिक आहे. परंतु हे नाव यहुद्यांच्या प्रार्थनामंदिरावरून पडले, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. कोकणातून आलेले, घरी मराठी बोलणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून शनवार तेली म्हणून ओळखले जाणारे बेने इस्राएल लोक आपल्या प्रार्थनामंदिरालाही मशीदच म्हणत. त्यांची मुंबईतील पहिली मशीद सॅम्युएल इझिकेल ऊर्फ समाजी हसाजी दिवेकर यांनी १७९६ साली बांधली. दिवेकर कंपनी सरकारच्या फौजेत होते. म्हैसूरच्या लढाईत ते टिपूच्या कैदेत सापडले आणि सुटका झाल्यास देवाचे घर बांधीन असा नवस त्यांनी केला, अशी कथा समाजात सांगितली जाते. कथेचे काही असो, तेथील सॅम्युएल स्ट्रीट त्यांच्याच नावाची आणि ‘शाअर हारहमीम’, म्हणजे दयेचे द्वार, हे प्रार्थनामंदिर अजूनही आहे.

प्रश्न : मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेले एखादे जहाज आज शिल्लक आहे का? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : आहे. ‘ट्रिंकोमाली’ ही लढाऊ नौका जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली मलबारी सागवानात बांधली गेली आणि १८१७ साली पाण्यात उतरली. नेपोलियनशी झालेल्या युद्धांमुळे इंग्लंडात ओकच्या लाकडाची टंचाई पडली होती, म्हणून हे काम मुंबईकडे आले. ती आता इंग्लंडातील हार्टलपूल येथे तरंगत्या स्थितीत जपून ठेवली आहे. वाडियांची गोदी आज नौदलाच्या ताब्यात आणि वापरात असल्यामुळे तेथे सहज प्रवेश मिळत नाही.